पिवळा आधी पळतो

आमच्या देवपुरात बायकांना दोन नावं असायची. एक आईबापांनी ठेवलेलं आणि दुसरं हमीदभाईंनी. हमीदभाई रंगारी. पांझरा नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, कापडं राहायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणजे ‘मोरपंखी’, दूधवाल्यांची सून ‘राणीकलर’, आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ‘वांगी’, कारण त्यांनी वांगी रंगाचा एक परकर तीनदा परत आणला होता. मी पहिल्यांदा गेले ती राखाडी साडीवरचा परकर रंगवून घ्यायला. तिथे माझं नशीब फुटलं. पुढची अठ्ठावीस वर्षं मी ‘राखाडी बाई’. मध्ये किती गुलाबी आणि किती अबोली नेसले असेन, पण हमीदभाईंच्या दप्तरी मला बढती मिळाली नाही.

माणूस काडीसारखा. पांढरा पायजमा, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि त्या शर्टावर रंगाचा एक ठिपका दाखवला तर मी नाव बदलीन. दिवसभर उकळत्या पातेल्यांमध्ये काठी फिरवणारा माणूस इतका पांढरा कसा राहतो, हे गल्लीला न सुटलेलं कोडं होतं. रंग होता तो फक्त नखांत. त्या नखांवरून महिना कळायचा. एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे निळी, कारण चौदा तारखेच्या मिरवणुकीचं आमच्या वस्तीतलं सगळं कापड त्यांच्याकडेच जायचं. गणपतीत फेट्यांची भगवी. ईदच्या जुलूसाला हिरवी. जून उजाडला की गणवेशाची खाकी. कोणी खवचटपणे विचारलंच, तर ते म्हणायचे, "मी एकच जात विचारतो. सुती का रेशमी?"

त्याशिवाय आणखी एक गोष्ट ते विचारायचेच. "कार्यक्रम काय?" हे कळल्याशिवाय कापड पातेल्यात पडत नसे. साखरपुडा आहे का, मुलीचं स्नेहसंमेलन आहे का, कोर्टात तारीख आहे का. मला वाटायचं, हा नुसता चोंबडेपणा. थोडा होताही. पण त्यामागे हिशेब असे. उन्हात किती वेळ राहणार, घाम किती, धुणार किती वेळा, हे सगळं त्या एका प्रश्नात त्यांना कळायचं. मग बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून रंगाची पूड निघे. तराजू नाही, चमचा नाही, बोटांची चिमूट. मूठभर मीठ. कापडाचं एक टोक बुडवायचं, पिळायचं, गरम पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून वाळवायचं आणि दारात उन्हात नेऊन बघायचं. तोपर्यंत गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही.

"बाई, ओला रंग खोटं बोलतो," ते म्हणायचे. "वाळू द्या. मग काय ते सांगा."

ट्यूबलाइटवर तर त्यांचा दात होता. तिच्या उजेडात सगळेच गोरे दिसतात, म्हणायचे.

खोटं न बोलणाऱ्या या माणसाला मी एकदा धडधडीत खोटं बोलताना ऐकलं. साक्रीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी आली होती. बरोबर तिची सून, पंचविशीचीही नसेल. नवरा जाऊन तेरावं झालेलं. म्हातारीने गाठोडं सोडलं. आत सुनेच्या चार साड्या, लाल, पोपटी, जांभळी, पिवळी.

"भाऊ, ह्या लुगडास्ना रंग काढी दे," म्हातारी म्हणाली. "आते तिले काय करना शे रंग?"

हमीदभाईंनी एकेक साडी उलगडली, पदर चोळला, थुंकी लावून पाहिली, दारात नेऊन पाहिली. मग सावकाश मान हलवली.

"माय, हाऊ पक्का रंग शे. लुगडा फाटी जातीन, पन रंग निंघाव नही."

"मंग काय करूत?"

"नेसू दे तिले."

म्हातारी कुरकुरत गेली. सून गाठोडं छातीशी धरून मागे मागे. मी विचारलं, खरंच निघत नाही? हमीदभाई काठी फिरवत म्हणाले, "निघतो की. अर्ध्या तासात निघतो. पण रंगवण्यातलं तेवढं एक काम मला येत नाही." त्या दिवशी मी घरी येऊन उगाचच रडले. वडील गेल्यावर माझ्या आईचे रंग आमच्या पहूरच्या घरात असेच एका दुपारी गेले होते.

माझी मुलगी मुक्ता नोकरीला हॉलंडला गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तिचा फोन आला. सत्तावीस एप्रिलला तिथल्या राजाचा वाढदिवस, त्या दिवशी झाडून सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतो. मला साडी नेसून जायचंय, आई. तुझी चौदा एप्रिलची पांढरी सुती आहे ना, तिला हमीदचाचांकडून नारिंगी करून पाठव. तिची मैत्रीण नाशिकहून निघणारच होती. मी साडी घेऊन दुकानात गेले.

"कोणता नारिंगी?" हमीदभाई म्हणाले. "भगवा, केशरी, शेंदरी, का संत्र्याचा?"

"संत्र्याचा."

"कार्यक्रम काय?"

मी सांगितला.

"म्हणजे त्यांचा झेंडा नारिंगी असेल."

"नाही. झेंडा लाल, पांढरा, निळा."

हमीदभाईंनी काठी पातेल्यावर आडवी ठेवली. "झेंड्यात नाही तो रंग अंगावर? का म्हणून?"

तीस वर्षं इतिहास शिकवला, पण असा नेमका प्रश्न वर्गात एकाने विचारला नाही. मी मुक्ताचा फोन आल्यापासून त्यावर वाचत होते आणि कोणाला तरी सांगायला जीव टांगणीला लागला होता. स्टुलावर बसले आणि तास सुरू केला. चार-साडेचार शतकांपूर्वी त्या मुलखावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. त्याच्याविरुद्ध एका राजपुत्राने बंड केलं. या राजपुत्राला लहानपणी चुलतभावाकडून एक छोटंसं संस्थान वारशात मिळालं होतं, थेट दक्षिण फ्रान्समध्ये, नाव ऑरेंज. त्या गावाचं नाव फळावरून पडलेलं नाही, गाव कितीतरी जुनं. पण संस्थानाचं नाव घराण्याला लागलं आणि घराण्याच्या नावावरून रंग ठरला. त्याची माणसं नारिंगी पट्टे बांधून लढायला लागली. त्यांचा पहिला झेंडासुद्धा नारिंगी, पांढरा आणि निळा होता. जहाजांवर तोच फडकायचा. राजपुत्राला मारेकऱ्याने मारलं, पण देश उभा राहिला आणि तो रंग म्हणजे स्वातंत्र्याचा रंग झाला. पुढे काही वर्षांत मात्र झेंड्यातल्या नारिंगीच्या जागी लाल आला. कोणी म्हणतं, समुद्रावर लाल लांबून दिसतो म्हणून. कोणी म्हणतं, राजपुत्राचं घराणं नको असलेल्यांनी बदलला. नंतर तर एक काळ असा आला की त्या घराण्याचे विरोधक सत्तेवर बसले आणि नारिंगी फीत लावणं गुन्हा झाला. असं सांगतात की बाजारात गाजरंसुद्धा पाला पुढे करून ठेवावी लागत, नारिंगी बाजू दिसायला नको.

"गाजरं पण?" हमीदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसता पुसता त्यांचं हसू ओसरलं. रंगावरून काय काय होतं, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, पुस्तकं राहू द्या. संत्र्याचा रंग कसा होतो? पिवळा घ्यायचा, त्यात लाल घ्यायचा. ऊन लागलं, पाणी लागलं की पिवळा आधी पळतो. लाल बसून राहतो. जहाजावर बांधायचे म्हणता ना? खारं पाणी, वारा, ऊन. सहा महिन्यांत झेंडा लाल. तो कोणी बदलला नाही. रंगाऱ्याने फसवलं."

मी चाट पडले, कारण हेही कारण इतिहासकार देतातच, फक्त शेवटी आणि बारीक अक्षरात.

"नाव काय त्याचं?"

"राजपुत्राचं?"

"रंगाऱ्याचं."

"ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, हमीदभाई."

"बघा! गाजराची नोंद आहे, रंगाऱ्याची नाही. म्हणजे चोरच असणार. फिक्कट पिवळा वापरला असेल आणि पळाला असेल."

त्या दिवसापासून त्या अज्ञात माणसाची धडगत राहिली नाही. कोणी विटलेला पडदा आणला की हमीदभाई तो दोन बोटांत धरून विचारायचे, "हे कुठलं? हॉलंडचं काम?" महिन्याभरात सगळी गल्ली तसं बोलायला लागली. नळाची तोटी गळाली, हॉलंडचं काम. पोरगं नापास झालं, हॉलंडचं काम.

साडी दोन दिवसांनी तयार झाली. हमीदभाईंनी ती दारात उन्हात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. साडी संत्र्याच्या रंगाची नव्हती. भट्टीतून निघालेल्या विटेवर शेंदूर शिंपडावा, तसलं काहीतरी होतं. चांगली तांबडी.

"वाळलाय," ते म्हणाले. "आता बोला. रंग बरोबर आला?"

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता. मी म्हणाले, "अगदी."

राजाच्या वाढदिवसाचा फोटो आला. कालव्याच्या काठावर माणसंच माणसं, सगळी नारिंगी, आणि मधोमध माझी लेक लाल. ‘आई, लोक राजाच्या रंगात गेले, मी झेंड्याच्या रंगात,’ असं तिने खाली लिहिलं होतं. मी हसले. पण हमीदभाई रोज विचारत, पोरीचा फोटो आला का. एकदा दाखवावा लागला. त्यांनी फोन नाकाशी धरून बराच वेळ पाहिला.

"बघा," ते म्हणाले, "कशी मिसळून गेलीय. ओळखू तरी येते का?"

तेव्हा मला उलगडलं. चूक चिमटीत नव्हती, डोळ्यांत होती. मग एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर त्यांचे शर्ट निळसर दिसत होते. मला वाटायचं, त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा, हात निळीच्या बाटलीवर सैल सुटलाय. मोरपंखी बाईंची ओढणी नुसती निळी आली होती. त्यांनी ती कपाटात ठेवून दिली आणि नवीन घेतली. राणीकलर तर गुपचूप बाजारातल्या दुसऱ्या रंगाऱ्याकडे जायला लागली होती. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्या गप्प होत्या. एवढा जुना माणूस, त्याला कोण सांगणार? मीही त्यातलीच. नाही, मी त्यांच्याहून वाईट. मला त्यांनी सरळ विचारलं होतं.

असं दीड वर्ष गेलं. शेवटी दुकानाची पायरी चुकून ते पडले, तेव्हा भाभी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेल्या. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या सकाळी त्यांनी अंगणातल्या दोरीकडे बघून भाभींना विचारलं, "ये नीले शर्ट किसके हैं?"

भाभी म्हणाल्या, "तुम्हारेच. पीले दिखते बोलके और नील डाल, और डाल, कौन बोलता था?"

दुपारी मला निरोप आला, राखाडी बाईला बोलवा.

हमीदभाई दारातच बसले होते. पुढ्यात कापडांचा ढीग, अजून न नेलेली गिऱ्हाइकांची कामं. एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा झाकून बघायचे. मी समोर उभी राहिले तरी मान वर केली नाही.

"ह्या डोळ्याने बघितलं की पांढरं पांढरं आहे," ते म्हणाले. "ह्याने बघितलं की चहा सांडलाय सगळ्या दुनियेवर. म्हणजे पिवळा मला फुकट दिसत होता, म्हणून मी तो कमी टाकत होतो. पोरीची साडी कशी आली होती, बाई?"

"तांबडी," मी म्हणाले.

"मी विचारलं होतं."

"हो."

"दारात धरून. वाळल्यावर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल शाईने रेघ मारली तुम्ही. माझीच तेवढी सोडली?"

राग मलाही आला. अपराध्याला येतोच. मी म्हणाले, "तुम्ही नाही का त्या साक्रीच्या म्हातारीला खोटं सांगितलं?"

"ते गिऱ्हाइकाशी. कारागिराशी नाही." त्यांनी ढिगावर हात ठेवला. "कारागिराशी एकदा खोटं बोललं की त्याची पुढची सगळी कापडं बिघडतात. हे बघा."

मी खाली पायरीवर बसले. भाभींनी आणलेला चहा तसाच निवला. मग हमीदभाई एकदम म्हणाले, "तो हॉलंडवाला."

"कोण?"

"रंगारी. मी त्याला उगाच चोर म्हटलं. त्याला मोतीबिंदू असणार." आणि थोडं थांबून, "सगळा देश गप्प बसला असेल. जुना माणूस आहे, कशाला बोला. आणि करता करता तोच झेंडा झाला."

मला हसू आलं. सगळ्या युरोपात या झेंड्याचा असा इतिहास कोणी लिहिला नसेल.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि हमीदभाईंनी दुकान बंद केलं. सुटी म्हणून नव्हे. गेल्या अडीच वर्षांत जे जे रंगवलं ते सगळं परत आणायचं आणि नीट करून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. परक्या घरात बायकांकडे कपडे मागायला एकट्याने कसं जायचं, म्हणून बरोबर मी. ती माझी शिक्षा होती आणि मी ती आनंदाने भोगली. देवपूरभर आम्ही दारोदार हिंडलो. "वहिनी, तुमचा अबोली परकर द्या, तो अबोली नाही." बायका संकोचाने मरायच्या. नाही हो हमीदभाई, छान आलाय. हे ऐकलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचे, "नाही ताई, छान नाही आलेला." आधी जड जायचं. आठवड्यात सवय झाली.

यादीतली एक साडी चाळीसगावला गेली होती. आमच्या गल्लीतली सविता, तिच्या हळदीची साडी हमीदभाईंनी रंगवली होती. हळदीची म्हणजे पिवळीधमक हवी, ती आली होती मेथीच्या वाळक्या पाल्यासारखी; पिवळा फार भडक दिसतोय म्हणून त्यांनी त्यात निळ्याची चिमूट घातली असणार. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघं गेलो. सविताने शिरा केला, साडी काढून आणली, मांडीवर ठेवली. हमीदभाईंनी ती दारात नेऊन पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी लिहून देते, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक बाईने त्या रंगाबद्दल कुजबूज केली होती.

"पोरी, चूक माझी आहे. आठ दिवसांत नवीनसारखी पिवळी करून देतो."

सविताने साडी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली.

"नको चाचा."

"अगं, हा हळदीचा रंग नाही."

"माहितेय मला. सासरी सगळे चिडवतात, मेथीची नवरी म्हणून. पण माझ्या फोटोत हाच आहे. माझ्या बाबांनी मला हळद लावली ती ह्याच साडीत. आता हाच राहू द्या."

तिचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांनी गेले होते. हमीदभाईंनी साडीवरून एकदा हात फिरवला आणि शिरा खाल्ला. परतीच्या गाडीत जामदा स्टेशन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी आपली मुक्ताचं काहीबाही सांगत बसले. त्यात हेही सांगितलं की राजघराण्याच्या सणाला तिथे झेंड्याच्या वर एक लांब नारिंगी पट्टी बांधतात. झेंडा लाल-पांढरा-निळाच, पण डोक्यावर नारिंगी.

हमीदभाई वळले. "वरून बांधतात? वेगळी?"

"हो."

"म्हणजे त्यांनी पण हेच म्हटलं असणार. आता हाच राहू द्या. लाल अंगवळणी पडला होता, त्याच्याखाली माणसं मेली असतील, पोरं झाली असतील. तो धुऊन कसा काढायचा? मग जो रंग पळाला तो वर बांधला." ते मान डोलवत राहिले. "चांगली माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. सगळ्यात आधी एक सुती पट्टी रंगवली, हातभर रुंद आणि चांगली लांब. पिवळा एकदा दिला, वाळवला, पुन्हा दिला, मग वरून लालाची जेमतेम चिमूट. दारात धरली तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं, इतकं ते संत्रं होतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "आज काय, आज सगळे चांगलं म्हणतील." कात्रीने पट्टीचे तीन भाग केले. मोठा हॉलंडला, मुक्ताच्या गॅलरीतल्या झेंड्यासाठी. एक माझ्या ट्रंकेत, काळ्या कापडात गुंडाळून. एक माझ्या गच्चीवरच्या दोरीला, ऊन-पावसात.

"एक वर्ष. मग दोन्ही शेजारी ठेवायचे आणि मला सांगायचं," ते म्हणाले. "खरं."

वर्ष काही भरलं नाही. थंडीत त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि ते खाटेला खिळले. मी जाई तेव्हा खोली माणसांनी भरलेली असायची आणि प्रत्येक जण सांगत असायचा, काही नाही, रमजानपर्यंत उठून बसाल. हमीदभाई सगळ्यांना मान डोलवायचे. एका सकाळी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"पट्टी आणा."

"वर्ष नाही झालं अजून."

"वर्षाचं मी बघतो. तुम्ही पट्टी आणा."

मी घरी गेले, गच्चीवरची सोडली, ट्रंकेतली काढली. जिन्यातच दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. गच्चीवरची लाल झाली होती. खूप नाही, पण झाली होती. ट्रंकेतलीचेच दोन तुकडे करावेत आणि त्यातला एक गच्चीवरचा म्हणून दाखवावा, असा विचार माझ्या मनात आला. आला होता, हे कबूल करते.

त्यांच्या खाटेशी खिडकीतून ऊन येत होतं. मी दोन्ही पट्ट्या त्या उन्हात धरल्या. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिले.

"रंग बरोबर आहे?"

भाभी पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "लाल झालाय."

"किती?"

"नखाएवढा."

त्यांनी तेव्हा कुठे नजर पट्ट्यांकडे वळवली. ते नवे डोळे एका पट्टीवरून दुसरीवर गेले, परत आले. मग ते हसले, दुकानात हसायचे तसे, ठसका लागेपर्यंत.

"नखाएवढा म्हणजे पिवळा अजून दोन चिमटी पाहिजे होता," ते म्हणाले. भाभींकडे वळून म्हणाले, "सुना? बाई सच बोली."

विटलेली पट्टी त्यांनी ठेवून घेतली. मी निघाले तेव्हा ती बोटांना गुंडाळून ते उन्हात हात वर धरून बघत होते, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. आता दोन्हींना सारखंच दिसत होतं, पण सवय. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तसंच. चार दिवसांनी ते गेले.

एप्रिलमध्ये मुक्ताचा फोटो आला. तिच्या गॅलरीत झेंडा लावलेला आणि त्यावर हमीदभाईंची पट्टी. मी सवयीने फोन घेऊन दारात उन्हात गेले. तिथे काचेवर काही दिसेना, म्हणून डोक्यावरून पदर पुढे ओढून सावली धरली आणि नीट पाहिलं. खाली लाल, वर नारिंगी. दोन रंग अगदी वेगळे दिसत होते. खरंच दिसत होते.